नदीकाठचे रस्ते आणि जंगलाचे घड्याळ
चंद्रपूर-गडचिरोलीतील सायकल प्रवासाची तोंडओळख

सायकलवरून लांबचा प्रवास म्हटला की मराठी सायकलस्वाराच्या डोळ्यांसमोर ठरावीक चित्रे उभी राहतात. एक कोकणच्या किनारी रस्त्याचे आणि दुसरे मनालीहून लेहकडे जाणाऱ्या रस्त्याचे. खोल घळीतून धावणारी नदी, तिच्या कडेने वर चढत जाणारा अरुंद रस्ता आणि पलीकडे पसरलेले उंचावरचे उजाड वाळवंट, या दृश्याची मोहिनी जगभर आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीचे खोरे असो वा आपल्याकडचे लडाख, सायकलस्वार तेथे ओढला जातो तो या दृश्यामुळेच. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतही नदीच्या सोबतीने शेकडो किलोमीटर जाणारे रस्ते आहेत, याची मात्र फारशी कोणाला कल्पना नसते.

या रस्त्यांवर दमछाक करणारे घाट नाहीत. सिरोंचासारखे गाव तर समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे नकाशा पाहणाऱ्याला हा प्रवास सोपा वाटतो. तसा तो नाही. लडाखमध्ये उंची आणि विरळ हवा प्रवासाची मर्यादा ठरवतात; येथे ती मर्यादा घड्याळ ठरवते. कोणत्या महिन्यात निघावे, सकाळी किती वाजता सायकलवर बसावे आणि संध्याकाळी किती वाजण्याच्या आत मुक्काम गाठावा, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला ठाऊक आहेत त्याच्यासाठी हा मुलूख अत्यंत रमणीय आहे. ज्याला ती ठाऊक नाहीत त्याच्यासाठी तो धोक्याचा आहे.

नद्यांनी आखलेला मुलूख

या भागातील रस्ते समजून घ्यायचे तर आधी नद्या समजून घ्याव्या लागतात. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा भंडाऱ्याकडून दक्षिणेला येते आणि चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या मधून वाहते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा बऱ्याच अंतरापर्यंत हीच नदी दोघांची सीमा ठरली. पश्चिमेकडून येणारी वर्धा नदी चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते. तेथून पुढे या जोडप्रवाहाला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता तेलंगणाच्या सीमेवरून वाहत सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेला छत्तीसगडच्या सीमेवरून येणारी इंद्रावती आणखी खाली सोमनूर येथे गोदावरीत विलीन होते.

म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या तिन्ही बाजूंना मोठ्या नद्या आहेत आणि मध्ये साग, बांबू, ऐन, मोह व तेंदूचे जंगल आहे. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाने व्यापलेला आहे. साकोलीहून वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्लीमार्गे सिरोंचाला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३५३ सी हा या मुलखाचा कणा होय. तो साधारणपणे वैनगंगा-प्राणहितेला समांतर जातो. मात्र नदी रस्त्यालगत सतत दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. ती पुलावर भेटते, घाटावर भेटते आणि मग पुन्हा झाडीआड जाते.

सायकलचे आणि या भूमीचे नातेही जुने आहे. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तेव्हा कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत निघालेले तरुण-तरुणी सायकलवरच होते. १९८८ मध्ये ईटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा निघाली. देश समजून घ्यायचा तर त्याच्या वेगाने चालावे लागते, हा विचार त्यामागे होता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तो विचार शब्दशः लागू पडतो.

वेळेचे गणित

दक्षिण विदर्भाचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नित्याचे असून काही वर्षी तो ४७-४८ अंशांच्या आसपास पोहोचला आहे. अशा उन्हात सायकल चालवणारे अन्य ठिकाणी पहाटे चारला निघून दहापर्यंत मुक्काम गाठतात. येथे तो उपाय चालत नाही. पहाट आणि संध्याकाळ हीच वाघ, बिबट आणि अस्वलाच्या वावराची वेळ असते. उन्हापासून वाचण्यासाठी निवडलेली वेळ जंगलाच्या दृष्टीने सर्वांत वाईट ठरते. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडू लागली की अस्वले मोहाच्या झाडाखाली येतात आणि मेमध्ये तेंदूपाने तोडण्यासाठी गावेच्या गावे जंगलात असतात. माणूस आणि जनावर एकाच ठिकाणी येण्याचा हा काळ आहे. सकाळी सूर्य वर आल्यावर निघायचे आणि दहाला थांबायचे असे ठरवले, तर हाती जेमतेम तीन तास म्हणजे ४० किलोमीटर उरतात. म्हणून उन्हाळा या प्रवासासाठी बादच समजावा.

पावसाळा नद्यांचा असतो. उरतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ. दिवसा ऊन सौम्य, रात्री कडाक्याची थंडी, धान कापणीला आलेले किंवा खळ्यावर पडलेले, आणि नद्यांना भरपूर पाणी.

या दिवसांत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. गडचिरोली मुंबईपेक्षा सुमारे सात रेखांश पूर्वेला आहे. त्यामुळे येथे सूर्य मुंबईच्या मानाने जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरच्या मध्यास येथे साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि दाट झाडीत त्याआधीच अंधारून येते. मुंबई-पुण्याहून आलेला सायकलस्वार ‘सहापर्यंत उजेड असतो’ या सवयीने चालला, तर शेवटचे दहा किलोमीटर त्याला अंधारात काढावे लागतात.

सकाळी साडेसात ते दुपारी साडेचार हा काळ धरला तर नऊ तास मिळतात. जेवण, पाणी आणि विश्रांतीसाठी दोन तास वजा करावेत. सामान लादलेली सायकल चांगल्या रस्त्यावर ताशी १४-१५ किलोमीटर जाते, म्हणजे दिवसाकाठी १०० किलोमीटर. उखडलेल्या रस्त्यावर वेग १०-१२ वर येतो आणि अंतर ७०-८० किलोमीटरवर. येथील प्रत्येक टप्पा याच मापाने मोजावा.

चार टप्पे

चंद्रपूर ते गडचिरोली हा पहिला टप्पा सुमारे ८० किलोमीटरचा आहे. चंद्रपूर सोडताच मूलपर्यंतचा रस्ता जंगलातून जातो. उत्तरेला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आणि दक्षिणेला वनविकासाचे व प्रादेशिक वनांचे पट्टे असल्याने वन्यप्राणी हा रस्ता सतत ओलांडत असतात. येथे फोटो काढण्यासाठी रेंगाळू नये. मूलनंतर दृश्य पालटते. धानाच्या बांध्या, बोड्या आणि मालगुजारी तलाव सुरू होतात. सावली, व्याहाड ओलांडले की वैनगंगेचा पूल येतो. हिवाळ्यात पात्रात रेतीचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडलेले असतात. ज्याला ‘नदीकाठचे वाळवंट’ पाहायचे आहे त्याला ते येथे दिसते.

गडचिरोलीत मुक्काम करून धानोरा रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवरील मेंढा (लेखा) या गावी जाऊन येता येते. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी हे एक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसणारा बांबू कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर या गावाने ग्रामसभेत शोधले. याच रस्त्यावर चातगावजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे शोधग्राम आहे.

दुसरा टप्पा गडचिरोलीहून चामोर्शीमार्गे मार्कंडादेव आणि पुढे आष्टी असा. मार्कंडा येथे वैनगंगा वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. त्या वळणावर शिल्पसमृद्ध मंदिरांचा समूह उभा आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत रस्त्यावर यात्रेकरूंची आणि वाहनांची गर्दी असते, तेव्हा हा टप्पा एक तर आधी करावा किंवा नंतर. आष्टीजवळ चपराळा अभयारण्य असून वर्धा-वैनगंगेचा संगम याच परिसरात आहे.

तिसरा टप्पा आलापल्ली ते भामरागड, ६० ते ६५ किलोमीटर. आलापल्लीचा साग ब्रिटिश काळापासून नावाजलेला आहे. येथील ‘वनवैभव’ या जुन्या राखीव तुकड्याला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील ते पहिले वारसा स्थळ. पुढे पेरमिली, ताडगाव ही गावे आणि मग हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आपले आयुष्य येथे वेचले. हेमलकशाच्या पुढे भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम येथे होतो. नदीखोऱ्याचे खरेखुरे दर्शन घ्यायचे असेल तर या संपूर्ण मुलखात याहून सुंदर जागा नाही.

चौथा टप्पा आलापल्ली ते सिरोंचा, सुमारे १०० किलोमीटर. वरच्या हिशेबाने हे एका दिवसाचे कमाल अंतर झाले. रस्त्याची अवस्था आधी विचारून घ्यावी आणि ती वाईट असेल तर उमानूर किंवा जिमलगट्टा परिसरात मुक्कामाची सोय लावूनच निघावे. या रस्त्यावरून आत वळल्यास कमलापूरचा हत्ती कॅम्प लागतो. सागाचे ओंडके ओढण्यासाठी वनखात्याने पाळलेल्या हत्तींचे वंशज तेथे आहेत. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे अश्मीभूत खोड पाहायला मिळतात. सिरोंचाला पोहोचेपर्यंत भाषाही पालटलेली असते. मूल-ब्रह्मपुरीकडे झाडीबोली, भामरागडला माडिया आणि सिरोंचात तेलुगू. हे बदल मोटारीतून जाणाऱ्याच्या कानांवर पडत नाहीत, सायकलस्वाराच्या पडतात.

आभाळ निरभ्र, तरी पूर

पावसाळ्यात येथे येऊ नये, असे सांगितले की अनेकांना ते केवळ चिखलामुळे असावे असे वाटते. कारण वेगळे आहे. भामरागडला पर्लकोटा नदीवरील जुना पूल वर्षानुवर्षे पुराखाली जात आला आहे आणि प्रत्येक वेळी तालुक्याचा जगाशी संपर्क तुटत आला आहे. हा पूर दर वेळी तेथील पावसाचाच असतो असे नाही. वरच्या भागात, छत्तीसगडमध्ये पाऊस झाला आणि इंद्रावती फुगली की पर्लकोटेचे पाणी पुढे जाऊ शकत नाही. ते मागे रेटले जाते आणि पुलावर चढते.

वैनगंगेचेही तसेच. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवर आणि भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणातून मोठा विसर्ग झाला, तेव्हा ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीकडच्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. जुलै २०२२ मध्ये गोदावरीच्या महापुराने सिरोंचा तालुक्याला वेढले. तात्पर्य, डोक्यावरचे आभाळ पाहून येथे अंदाज बांधता येत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीस प्रवास करायचा झालाच, तर निघण्यापूर्वी धरणाचा विसर्ग आणि पुलांची स्थिती यांची चौकशी करावी. पाण्याखाली गेलेल्या पुलावरून, पाणी घोट्याएवढे दिसत असले तरी, सायकल कधीही घालू नये.

वाघाच्या मुलखात

चंद्रपूर जिल्ह्यातील वाघ केवळ ताडोबाच्या कुंपणात राहतात, हा समज चुकीचा आहे. ताडोबाला कुंपण नाही. ब्रह्मपुरी वनविभागासारख्या, अभयारण्याचा दर्जा नसलेल्या जंगलांतही वाघांचे वास्तव्य आणि प्रजनन आहे. विदर्भातील १३ जणांचा बळी घेणारा ‘सीटी-१’ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात जेरबंद झाला. मे २०२५ मध्ये सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. या घटना सांगायच्या त्या भीती घालण्यासाठी नव्हे. रस्ता कोणाच्या घरातून जातो, याची जाणीव असावी म्हणून.

सायकलस्वाराला दोन गोष्टींमुळे अधिक जपावे लागते. पहिली, सायकलचा आवाज होत नाही. मोटार दुरून ऐकू येते आणि जनावर बाजूला होते. सायकल वळणावर एकदम त्याच्यासमोर येते. अस्वलाच्या बाबतीत हे विशेष धोक्याचे, कारण दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येते. दुसरी, वाकलेला किंवा बसलेला माणूस वन्यप्राण्याला माणूस म्हणून ओळखू येत नाही. पाने तोडणारे, सरपण वेचणारे, नाल्यावर बसलेले लोक हल्ल्यात सापडतात ते यामुळेच. पंक्चर काढण्यासाठी झाडीला पाठ करून रस्त्याकडेला बसणारा सायकलस्वारही याच अवस्थेत असतो.

म्हणून काही नियम पाळावेत. एकट्याने जाऊ नये. तिघे-चौघे असावेत आणि एकमेकांच्या दृष्टिपथात असावेत. घंटी वाजवत, बोलत जावे. पंक्चर झाल्यास शक्यतो सायकल ढकलत मोकळ्या जागी किंवा वस्तीपर्यंत न्यावी; ते जमत नसेल तर एकाने काम करावे आणि इतरांनी उभे राहून चौफेर नजर ठेवावी. नाल्याच्या पुलाखाली उतरू नये. वाघ दिसलाच तर वळून पळू नये, सायकल आपल्या आणि त्याच्यामध्ये धरून सावकाश मागे सरावे. ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा कळपही गडचिरोलीत वावरतो आहे. तो कोणत्या भागात आहे हे वनखात्याच्या नाक्यावर विचारल्यास कळते.

ताडोबाच्या गाभा क्षेत्रात सायकलला प्रवेश नाही. अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून जाण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आडकाठी करत नाही; पण रस्ता सोडून आत पाऊल टाकण्यास परवानगी लागते.

रस्ता, ट्रक आणि बंदोबस्त

वाघापेक्षा ट्रकचा धोका अधिक वेळा समोर येतो. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिजाची जड वाहतूक आलापल्ली-आष्टी परिसरातील रस्त्यांवरून होत आली आहे. खड्डे आणि धूळ यांमुळे स्थानिकांनी अनेकदा आंदोलने केली आहेत. मागे लाल दिवा, अंगात भडक रंगाचे जाकीट आणि मागचे पाहण्यासाठी आरसा या गोष्टी येथे हौसेच्या राहत नाहीत.

सायकलचे टायर निदान ३५ मिलिमीटर रुंद असावेत. तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्तीची दुकाने आहेत, पण तेथे साध्या सायकलींच्या ट्यूब मिळतात. शहरी रेसिंग सायकलीच्या मापाच्या मिळत नाहीत. दोन ट्यूब, साखळीचा जोड आणि पंप सोबत ठेवावा. मोबाइलचे जाळे आलापल्लीनंतर बेभरवशाचे होते, म्हणून रस्त्याचा कागदी नकाशा जवळ असावा.

गडचिरोलीचे नाव अनेक दशके माओवादी हिंसाचाराशी जोडले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये वरिष्ठ माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली आणि परिस्थिती बरीच निवळली. तरीही भामरागड, एटापल्ली या तालुक्यांत जाण्यापूर्वी पोलीस मदत केंद्रात आपला मार्ग आणि मुक्काम सांगून ठेवणे शहाणपणाचे.

ज्यांना पर्याय नाही

हिवाळ्यात सकाळी साडेनऊच्या सुमारास या रस्त्यांवर आणखी सायकली दिसू लागतात. निळ्या-पांढऱ्या गणवेशातील मुली तिघी-चौघींच्या गटाने शाळेला निघालेल्या असतात. मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या, शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना शासनाकडून सायकली देण्यात आल्या आणि अनेक गावांत मुलीचे शिक्षण सातवीनंतर चालू राहिले ते या दुचाकीमुळे. दूधवाले, मजूर, बाजाराला निघालेले शेतकरीही सायकलवरच असतात. पाहुण्याला सांगितलेले बहुतेक नियम ही माणसे न सांगता पाळतात. त्या मुली एकेकट्या जात नाहीत, गप्पा मारत जातात आणि अंधाराच्या आत घर गाठतात.

पाहुणा मात्र हिवाळ्याची निवड करू शकतो, नको असेल तर न येण्याचीही. या मुलींची शाळा पावसाळ्यातही भरते आणि त्यांच्या आयांना मे महिन्यात जंगलात जावेच लागते. त्यामुळे कोणत्याही टप्प्यावर निघण्यापूर्वी त्या रस्त्यावरच्या माणसाला थांबवून पुढचा रस्ता विचारावा. कालपासून कोणत्या नाल्याकडे वाघाचा माग दिसतो आहे, कोणता पूल खचला आहे आणि चारनंतर कोणत्या वळणापुढे जाऊ नये, हे त्याला ठाऊक असते. ‘आता जाऊ नका, आज इथंच थांबा’ असे त्याने सांगितले, तर अंतर कितीही थोडे उरलेले असो, सायकल तेथेच भिंतीला लावावी.